रडलं की निळं पडतं: न जेवणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

मुलाचं वय दोन वर्षं सात महिने. घर नागपुरात, मानेवाड्याकडे. वडील बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळ्यांच्या नोकरीवर, आई सीताबर्डीला एका कार्यालयात हिशेब पाहते. ती सकाळी साडेनऊला निघते, संध्याकाळी सहा वाजता परतते. मधला सगळा वेळ मूल आजी-आबाजींकडे. कुटुंबाच्या संमतीनं हे लिहिते आहे. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत, आजाराचे आणि उपचाराचे मात्र नाहीत.

सप्टेंबर संपत आला होता तेव्हा चौघंही मोठे त्याला घेऊन आले. हे क्वचित घडतं. एरवी मुलाला घेऊन एकटी आईच येते आणि घरी जाऊन तिलाच सगळ्यांना समजवावं लागतं. तक्रार आजींनी सांगितली. "मॅडम, पोट्टं जेवूनच नाही राहिलं. मोबाइल लावला तं चार घास जाते. अन् मोबाइल काढला का रडते, रडलं का निळं पडते." आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आम्ही त्याला रडूच देत नाही."

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली आईच्या त्या वाक्यात होती. न जेवणारी मुलं रोज येतात. आईवडिलांना सल्लाही तोच तोच मिळतो: मोबाइल बंद करा, बाटली बंद करा, भूक लागली की खाईल. सल्ला बरोबर आहे, पण ज्या घराला मूल रडण्याचीच धास्ती बसली आहे त्या घरात तो एक दिवसही टिकत नाही. म्हणून जेवणाचं पुढे ठेवलं आणि आधी रडण्याचं विचारलं.

निळं पडण्याचा पहिला प्रसंग तान्ह्या पोळ्याचा. मोहल्ल्यातली मुलं लाकडी बैल सजवून जमली होती. याच्या हातातला बैल दुसऱ्या मुलानं ओढला. हा किंचाळला, दोन-तीन हुंदके दिले आणि तोंड उघडंच राहिलं, आवाज बंद. ओठ निळे, मग चेहरा निळा, मग अंग सैल पडलं. कोणी कांदा हुंगवला, कोणी तोंडात पाणी घातलं, कोणी खांद्याला धरून गदागदा हलवलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो आबाजींच्या खांद्यावर मान टाकून जागा होता. तिथे फिट असावी म्हणून मेंदूचा आलेख काढला, तो नॉर्मल आला, आणि 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं. काही नाही तर मग ते काय होतं, हे कोणी सांगितलं नाही. नंतर घरातही दोनदा तसंच झालं. एकदा बिस्किटाचा डबा बंद केला म्हणून, एकदा आई कामाला निघाली म्हणून.

तेव्हापासून घराचा नियम ठरला की पोराला रडू द्यायचं नाही. वडिलांची रात्रपाळी असली की ते दिवसा वरच्या खोलीत झोपतात, त्यामुळे खाली शांतता ठेवायची सवय आधीपासून होतीच. आजींचे गुडघे दुखतात, पोरामागे पळणं त्यांना झेपत नाही. मोबाइल या घरात लाड म्हणून आलेला नव्हता. त्याच्यामुळे नऊ तास कसेबसे निभत होते.

मग चोवीस तासांत पोराच्या पोटात काय काय जातं ते लिहून काढलं. काय खात नाही हे घरचे न थांबता सांगतात. काय जातं, ते कोणी मोजलेलं नसतं. सकाळी सहाला झोपेतच दुधाची बाटली. नवाला दुसरी, आई निघताना रडू नये म्हणून. अकराला आबाजींच्या चहात बुडवून बिस्किटं. साडेबाराला मोबाइलसमोर वरणभात, पाऊण तास, पाचसहा घास. एकला झोपवताना बाटली. चारला पुन्हा चहा-बिस्कीट. सहाला आई दारात दिसली की बाटली. रात्री नऊला मोबाइल आणि दुधात कुस्करलेली पोळी, ती अर्धी उरते. अकराला झोपताना बाटली, आणि रात्री अडीच-तीनच्या सुमारास कुरकुरला की आणखी एक.

बाटली 200 मिलीची. सहा बाटल्या म्हणजे सव्वा लिटरच्या जवळ, तेही फुल क्रीम दूध, वर साखर. अशा दुधातून दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी मिळतात, आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच साधारण हजार-अकराशे कॅलरींची असते. पोर उपाशी नव्हतं, तुडुंब भरलेलं होतं. साडेबाराला ताट समोर येई तेव्हा त्याला भूकच नसे, आणि घरातली मोठी माणसं त्याला भुकेलेला समजून घास कोंबत.

वजन केलं, 12.6 किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात अडीच वर्षांच्या मुलग्याचं मध्यक वजन 13.3 किलो आहे, आणि 10.5 च्या खाली गेलं तर कमी वजन धरतात. तक्त्यावर त्याचे जुने ठिपके जोडून दाखवले, रेघ सरळ वर चढत होती. आजींना ते पटायला वेळ लागला. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरतो तशी भूकही उतरते, निसर्गाचंच तसं आहे. पण वर्षाच्या बाळाचं गुटगुटीत रूप घरच्यांच्या डोळ्यांत बसलेलं असतं, आणि शेजारीण "सुकला काऊन?" म्हणून जाते. तो प्रश्न ऐकून घ्यावा लागतो आईला. या आईला वर हेही ऐकावं लागत होतं की नोकरी केल्यानंच असं झालं. मी चौघांसमोर स्पष्ट सांगितलं की तिच्या नोकरीचा याच्याशी संबंध नाही. हे डॉक्टरनं सगळ्यांच्या देखत म्हणायला हवं असतं. आईनं घरी जाऊन सांगितलं तर त्याला वजन राहत नाही.

वजन ठीक असलं तरी मूल ठीक नव्हतं. तळहात पांढुरके, पापणीच्या आत फिकट. सतत चिडचिड. शौचाला कडक, दोन-तीन दिवसांनी, तेव्हाही रडारड. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत तपकिरी डाग, रात्रीच्या बाटलीनं लागणारी कीड अशीच सुरू होते. आणि विचारल्यावर आबाजींनी सांगितलं, तोवर कोणाला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं: "गॅलरीतल्या कुंडीची माती खाते. भिंतीचा पोपडाही काढून खाते." घरात त्याचा अर्थ कॅल्शियमची कमतरता असा लावला होता, म्हणून दूध आणखी वाढवलं होतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.2. या वयात 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. लाल पेशी आकारानं लहान, फेरिटिन 5, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. विदर्भात रक्त कमी असलेल्या मुलाची सिकलसेलची तपासणी न करता पुढे जाऊ नये, आणि लहान पेशी दिसल्या की थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचाही विचार करावा लागतो. म्हणून एचपीएलसी, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी केली. सिकल नव्हता. थॅलेसेमिया मायनरबद्दल, म्हणजे त्याच्या सौम्य रूपाबद्दल, मात्र तेवढ्यावर नक्की सांगता येत नव्हतं, कारण त्यात ए-टू या प्रकारच्या हिमोग्लोबिनचा आकडा वाढलेला दिसतो, आणि लोह फार कमी असलं की तो खाली दबतो. लोह भरून निघाल्यावर ती पुन्हा करायची असं केसपेपरवर लिहून ठेवलं. निळं पडण्याच्या प्रसंगांमुळे हृदयाचा ईसीजीही काढला, तो नॉर्मल होता.

इथे सगळे धागे एकत्र आले. एक लिटर दुधात लोह साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला भारतीय शिफारशीनुसार रोज 8 मिलिग्रॅम लागतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन अन्नातलं लोहही शोषू देत नाहीत. लोह कमी झालं की भूक मंदावते, माती-चुना खावासा वाटतो, मूल किरकिरं होतं. आणि रडता रडता श्वास कोंडून निळं पडण्याचे झटके लोहाच्या कमतरतेत जास्त येतात. लोह दिल्यावर ते अनेक मुलांत कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणजे रडू नये म्हणून बाटली, बाटलीनं रक्त कमी, रक्त कमी म्हणून झटके, झटक्यांच्या भीतीनं पुन्हा बाटली आणि मोबाइल. घाण्याच्या बैलासारखं अख्खं घर त्याच गोलात फिरत होतं, आणि त्यात प्रत्येक जण मुलाच्या मायेपोटीच वागत होता.

एकट्या याच घराचं हे नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 67.1 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात खाऊनपिऊन सुखी घरांतली मुलंही आहेत.

भीतीवर आधी बोललो

त्या दिवशी आहाराबद्दल मी फार थोडं सांगितलं. बहुतेक वेळ श्वास कोंडण्याच्या झटक्यावर गेला. तो मूल मुद्दाम आणत नाही. राग, भीती किंवा दुखणं यांनी रडू फुटतं, श्वास बाहेर टाकून झाल्यावर आत घेणं क्षणभर थांबतं, ओठ निळे पडतात, काही वेळा शुद्ध जाते, आणि मग शरीर स्वतःहूनच श्वास सुरू करतं. बहुतेकदा सगळं मिनिटाच्या आत आटोपतं. सहा महिन्यांपासून पाच-सहा वर्षांपर्यंत हे दिसतं, एक ते तीन या वयात जास्त, आणि मेंदूला त्यानं इजा होत नाही. फिटमधला फरकही सांगितला: इथे आधी रडणं, मग निळं पडणं, मग सैल होणं. रडण्याविनाच, झोपेत किंवा खेळता खेळता धावताना असं झालं, मिनिटाच्या पुढे गेलं, हातपाय बराच वेळ झटकले, मूल पांढरंफटक पडलं, किंवा घराण्यात तरुणपणी कोणाचा अचानक मृत्यू झालेला असला, तर ते वेगळं. तेव्हा घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

झटका आला तर काय करायचं तेही ठरवून दिलं. जमिनीवर कुशीवर निजवायचं, आसपासचं टोकदार काही असेल ते बाजूला करायचं, घड्याळाकडे पाहायचं. हलवायचं नाही. तोंडात पाणी नाही, बोट नाही. कांदा, चप्पल काही नाही. जमल्यास दुसऱ्यानं चित्रण करायचं, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. शुद्धीवर आला की जवळ घ्यायचं, पण ज्या गोष्टीसाठी रडत होता ती त्या क्षणी हातात द्यायची नाही. आजींनी विचारलं, "अन् परत रडला तं?" तर परतही हेच. कुशीवर निजवून, हाताला काय करायचं ते समजेपर्यंत आजी-आबाजींकडून तिथेच तपासणीच्या खाटेवर करून घेतलं. आबाजींचे हात थरथरत होते. नुसतं ऐकून ही भीती गेली नसती.

औषध म्हणून लोहाचे थेंब, वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम लोह, दिवसातून एकदा. ते दुधासोबत किंवा चहासोबत नाही, जेवणाच्या थोडं आधी, वर लिंबूपाणी. जिभेच्या मागच्या बाजूला टाकायचे म्हणजे दात काळवंडत नाहीत. शी काळी होईल, घाबरायचं नाही. आणि औषधाची बाटली उंच, कुलुपात. लोहाचं औषध लहान मुलानं भसाभसा प्यायलं तर जिवावर बेतू शकतं, आणि गोड चवीमुळे मुलं ते पितात. ही सूचना मी प्रत्येक घरी दोनदा देते. जंताची गोळी ऑगस्टच्या फेरीत अंगणवाडीत मिळाली होती, म्हणून ती पुन्हा दिली नाही.

घरात बीटचा रस आणि डाळिंब सुरू होतं, 'रक्त वाढतं' म्हणून. लाल रंगावरून हा समज बसला आहे. डाळिंब उत्तम फळ आहे, पण लोह त्यात नगण्य. 8.2 हिमोग्लोबिनचं मूल नुसत्या आहारावर भरून येत नाही, औषध लागतंच. आहार पुढे तो साठा टिकवायला. भुकेचं टॉनिकही घरात होतं, ते बंद केलं. अशा बऱ्याच टॉनिकांत सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मूळचं ॲलर्जीचं औषध, त्यानं गुंगी येते, आणि दुधानं भरलेल्या पोटाला त्याचा काय उपयोग?

क्रम

आधी दूध, मग जेवण, मोबाइल सर्वात शेवटी. हा क्रम ऐकून वडिलांना आश्चर्य वाटलं. त्यांनी येताना ठरवलं होतं की आजपासून मोबाइल कपाटात. भारतीय बालरोग अकादमीची 2021 ची शिफारस स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच या वयात दिवसाला तासाच्या आत. त्याबद्दल माझं दुमत नाही. जेवताना पडदा असला की मूल चवीकडे बघत नाही, पोट भरल्याची खूणही त्याला कळत नाही, तोंड नुसतं उघडतं. पण भूक नसलेल्या, रक्त कमी असलेल्या, चिडलेल्या मुलाच्या हातातून तो पहिल्याच दिवशी हिसकला असता तर रडारड झाली असती, बहुधा झटकाही आला असता, आणि घरानं रात्रीपर्यंत माघार घेतली असती. मग पुढचे सहा महिने कोणी प्रयत्न केला नसता. भूक परत आली की मोबाइल सोडवणं सोपं जातं.

दूध पहिल्या आठवड्यात रात्रीचं काढलं. अडीचला कुरकुरला की वडील, पाळी नसेल तेव्हा, उठून पाणी देत आणि थोपटत. पहिल्या दोन रात्री वाईट गेल्या. मग दिवसाच्या बाटल्या एकेक करून पेल्यावर आणल्या. तीन आठवड्यांत दिवसाला दोन लहान पेले, मिळून चारशे मिलीच्या आसपास, तेही जेवणानंतर तासा-दीड तासानं. पाचशेच्या वर जाऊ द्यायचं नाही एवढीच मर्यादा. शेवटच्या बाटलीचं आजींनी त्यांच्या पद्धतीनं केलं. "बाटली काऊनं नेली," म्हणाल्या. पोर दोन दिवस गॅलरीत उभं राहून कावळ्याला हाका मारत होतं. मी स्वतः मुलाला सरळ सांगावं या मताची आहे, पण आजींना जमलेल्या मार्गात मी ढवळाढवळ केली नाही.

जेवणाची वाटणी मी अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांच्या सूत्रावर बेतते: काय, कधी आणि कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. तीन जेवणं, मध्ये दोन लहान खाणी, मधल्या अडीच-तीन तासांत फक्त पाणी. ताटात वाढायचं अगदी थोडं, वयाच्या प्रत्येक वर्षाला एकेका पदार्थाचा एक मोठा चमचा. म्हणजे याला दोन-अडीच चमचे भात, तेवढंच वरण. आजींना ते चिमणीचं ताट वाटलं. अर्ध्या तासात ताट उचलायचं, संपलं नसलं तरी. "अजून एक घास" नाही, "हा आईचा घास" नाही. नवीन पदार्थ पंधरा वेळा समोर यावा लागला तरी चालेल. दोन ते सहा या वयात अनोळखी चव नाकारणं सामान्य आहे.

पदार्थ वेगळे करायचे नव्हते, घरातलेच. वऱ्हाडी स्वयंपाकात बेसन आणि चणाडाळ भरपूर, याचा फायदा घेतला. गोळाभातातला मऊ गोळा हातात धरून खाता येतो, तो त्यानं पहिल्यांदा स्वतःहून उचलला. पालक-चणाडाळीची पातळ भाजी भातावर, वरून लिंबू. सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातलेलं झुणक्याचं सारण पोळीत गुंडाळून. फुटाण्याचं पीठ आणि गूळ यांचे लाडू, फुटाणे आणि शेंगदाणे अख्खे मात्र नाहीत, या वयात ते श्वासनलिकेत अडकतात. अळिवाची खीर आठवड्यातून दोनदा. वडील रविवारी अंडी खातात, त्यातलं एक. आणि ऑक्टोबरपासून आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागली होती. जेवणासोबत दोन-तीन फोडी, बिया काढून. संत्र्यातलं क जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतलं लोह शोषायला मदत करतं. नागपूरकराला संत्रं खा म्हणून सांगावं लागत नाही, ते जेवणासोबत खा एवढंच सांगावं लागतं.

चौघांना एकेक काम दिलं. आबाजींकडे चहा. अकराचा चहा त्यांनी पोर अंघोळीला गेलं की घ्यायचा. त्यांना ते जड गेलं, कारण नातवासोबत बिस्कीट बुडवणं हा त्यांच्या दिवसातला आनंदाचा भाग होता. त्याऐवजी संध्याकाळी संत्री सोलण्याचं काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं. आजींकडे दुपारचं ताट. वडिलांकडे रात्र. आईला मी सांगितलं की रात्री त्याच्यासोबत बसून स्वतः गरम जेवायचं, त्याला भरवायचं नाही. ती गेले वर्षभर सगळ्यांचं झाल्यावर गार जेवत होती. दारात पाऊल टाकताच "आज काय खाल्लं?" हा प्रश्नही बंद. त्या प्रश्नानं आजी बचावात जात आणि दुसऱ्या दिवशी पोराला दोन घास जास्त कोंबत.

तिसऱ्या आठवड्यात

बिस्किटाच्या डब्यावरून झटका आला. घरात फक्त आजी. नंतर त्यांनी सांगितलं ते असं: "मॅडम, माहा जीव नुसता धडधडून राहिला होता. पण तुम्ही सांगतलं तसं खाली निजवलं, कुशीवर. घड्याळाकडे पाह्यलं. अर्ध्या मिनटात श्वास घेतला त्यानं. मग मांडीवर घेतलं. डबा नाही देला." मुलाच्या बरं होण्यात औषधाचा वाटा मोठा होताच, पण घर बदललं ते त्या दुपारी. त्यानंतर आजी दारामागे उभ्या राहून रडू ऐकू शकत होत्या, आणि पोरालाही कळलं की रडल्यानं डबा उघडत नाही.

चौथ्या आठवड्यात हिमोग्लोबिन 9.6. महिन्याला एक ग्रॅमच्या वर वाढ म्हणजे औषध लागू पडतंय आणि निदान बरोबर आहे. माती खाणं त्याच्या आधीच थांबलं होतं. शौच रोजची झाली. भूक दिसायला लागल्यावर मोबाइलला हात घातला: आधी दुपारचं जेवण त्याच्याविना, आठवडाभरानं रात्रीचं. दुपारी तो दोन दिवस ताटावरून उठून गेला, पुढच्या खाण्यापर्यंत त्याला काही दिलं नाही, चारला त्यानं लाडू खाल्ला. रात्री फारशी अडचण आलीच नाही, कारण समोर आई जेवत होती आणि त्याला तिच्या ताटातलं हवं होतं.

दिवाळीत गाडी घसरली. अमरावतीहून नातेवाईक आले. "लेकराचं दूध तोडलं का बापा?" असं कोणीतरी म्हणालं, त्यात पोराला सर्दी-ताप आला, आणि नवी बाटली विकत आणली गेली. आजारपणात मूल कमी खातं, चार दिवस पेजेवर आणि पाण्यावर राहिलं तरी बिघडत नाही, पण भरल्या घरात ते सांगायचं धैर्य आईला होईना. तिनं मला फोन केला. मी आजींशी बोलले. पाहुणे गेल्यावर बाटली पुन्हा गेली. या खेपेला कावळ्याला बोलावलं नाही, आजींनीच पोरादेखत ती कचऱ्यात टाकली.

संक्रांतीच्या सुमारास हिमोग्लोबिन 11.5. औषध तिथे थांबवलं नाही. आकडा सुधारल्यावरही साठा भरायला दोन-तीन महिने द्यावंच लागतं, आणि बहुतेक घरं नेमकी इथेच औषधाची बाटली अर्धी टाकून देतात. मार्चमध्ये फेरिटिन पुरेसं आलं, औषध बंद केलं, एचपीएलसी पुन्हा केली. ए-टू नॉर्मल, थॅलेसेमियाची शंका मिटली. आता राष्ट्रीय कार्यक्रमातला आठवड्यातून दोनदा 1 मिलीचा लोहाचा डोस तेवढा सुरू आहे, तो आशाताई देतात. श्वास कोंडण्याचे झटके नोव्हेंबरनंतर आलेले नाहीत. येणारच नाहीत असं मी घरच्यांना सांगितलेलं नाही.

सगळं सुटलेलं नाही. भेंडी आणि वांगं तो तोंडात घेत नाही. जेवताना भात चटईभर होतो आणि आजींना वाकून तो वेचता येत नाही, म्हणून आता खाली जुनी चादर घालतात. वडील रात्रपाळीवर असले की संध्याकाळी अर्धा तास कार्टून लागतं, जेवणाच्या वेळी नाही, आणि मला ते चालतं. दोन दातांना दंतवैद्याकडे भरणी करावी लागली. वजन मार्चमध्ये 13.5 किलो, म्हणजे त्याच्या जुन्याच रेघेवर. आजींना तो अजूनही बारीक वाटतो.

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतील तेव्हा तो नर्सरीत जाईल. बाईंना द्यायची चिठ्ठी आई आणि आजींनी मिळून लिहिली आणि मला दाखवायला आणली. त्यात होतं: रडताना श्वास कोंडला तर कुशीवर निजवा, हलवू नका, पाणी पाजू नका, घड्याळ पाहा, मिनिटात सावरला नाही तर दवाखान्यात न्या आणि आम्हाला फोन करा. त्याखाली आजींच्या सांगण्यावरून आईनं आणखी एक ओळ लिहिली होती: डबा उरला तर उरू द्या, भरवू नका.